जुन्या व्हीएमसीला नवा कंट्रोलर बसवताना

भोसरी, शिरोली, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत फिरा. एखाद्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्री ओढलेली व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन, उभी दिसतेच. नव्वदच्या दशकातली एचएमटी किंवा बीएफडब्ल्यू, नाहीतर जपानहून सेकंडहँड आलेली. बिडाचं अंग ठणठणीत, पण स्क्रीन काळी. एक कार्ड दुरुस्त करून आणलं की दोन महिन्यांनी दुसरं जातं. अशा मशीनचा कंट्रोलर (मशीनचा मेंदू), ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) आणि कॅबिनेटचं वायरिंग नव्याने करणं म्हणजे रेट्रोफिट. मालक पहिल्या फोनवरच विचारतो, "कंट्रोलर कुठला घेऊ?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे.

आधी लोखंड बघा

डायल गेजचा मॅग्नेट स्पिंडल हेडला (टूल धरून फिरवणाऱ्या भागाला) लावा, पॉइंट टेबलला टेकवा. मशीन हलत असेल तर हँडव्हीलने ०.०१ मिमीच्या स्टेपने, नसेल तर टेबल सरकवणारा स्क्रू (बॉलस्क्रू) हाताने फिरवून टेबल एका दिशेला न्या आणि मग उलट फिरवा. डायलचा काटा हलायला लागेपर्यंत जे अंतर वाया गेलं तो बॅकलॅश. २०-३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) असेल तर कंट्रोलरमध्ये भरपाई टाकता येते. १०० मायक्रॉन असेल तर घाबरण्याआधी थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट तपासा. पुष्कळदा तोच सैल असतो आणि बॉलस्क्रूला उगाच दोष जातो.

हे माप मध्ये आणि दोन्ही टोकांना, असं तीन ठिकाणी घ्या. जॉब नेहमी टेबलाच्या मध्यावर लागतो, त्यामुळे स्क्रू तिथेच जास्त झिजतो. मध्ये ६० आणि टोकाला १५ मायक्रॉन येत असतील, तर बॅकलॅशचा एकच आकडा टाकून ते सुटणार नाही. स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्ट बार लावून रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, तेही बघून घ्या. स्लाइडवर नखाला लागणारे ओरखडे असतील आणि स्क्रूही गेला असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सवर पैसे घालू नका. वाकड्या मशीनला नवा मेंदू दिला तरी ती वाकडंच कापणार.

जुना मेंदू काढण्याआधी त्याच्याकडून सगळं लिहून घ्या

लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. कंट्रोलर अजून धुगधुगत असेल तर पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे) आरएस-२३२ च्या सिरियल पोर्टवरून लॅपटॉपवर उतरवा, नाहीतर स्क्रीनचे फोटो काढा. जुन्या फॅनुक ०-एम सारख्या कंट्रोलरमध्ये हे सगळं बॅटरीवर जगतं, म्हणून बॅटरी बदलताना मशीन चालू ठेवायची. बंद मशीनची बॅटरी काढली की सगळं पुसलं जातं. कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला पॅरामीटरचा पिवळा पडलेला कागद सापडतो का, तेही बघा.

मग एक तक्ता करा. प्रत्येक इनपुट-आउटपुटची ओळ: वायरचा नंबर, कुठे जाते, एनओ की एनसी (स्विच मुळात उघडा की बंद), व्होल्टेज किती. साधारण ४० ते ८० ओळी होतात आणि दोन दिवस जातात. टूल बदलताना मशीनचा व्हिडिओ घ्या, चार-पाच वेळा. कुठला सिलिंडर कुठला स्विच लागल्यावर सुटतो, हे त्यात दिसतं. जुनं लॅडर, म्हणजे स्विच, सिलिंडर आणि रिलेचा क्रम ठरवणारा प्रोग्रॅम, वाचता आलं तर उत्तमच. त्या मशीनचा स्वभाव लॅडरमध्ये असतो. जॉब कापायचा जी-कोड काय, कुठलाही कंट्रोलर वाचतो.

मग कंट्रोलर

दोन वाटा आहेत. सीमेन्स, फॅनुक किंवा तैवानी कंपनीचं तयार पॅकेज घ्या: कंट्रोलर, ड्राइव्ह, मोटर एकाच घरचे, सर्व्हिस मिळते, खर्च जास्त. जॉबवर्कच्या शॉपला हीच वाट बरी. दुसरी वाट लिनक्ससीएनसीची. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत नव्वदच्या दशकात तयार झालेल्या ईएमसी या प्रोग्रॅमचा हा वारस. फुकट, आणि आतलं सगळं उघडं. सोबत कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यांना जोडणारं मेसा कंपनीचं कार्ड लागतं. जुने ±१० व्होल्टचे (व्होल्टेजने वेग सांगायचे, अॅनालॉग) सर्व्हो ड्राइव्ह धडधाकट असतील तर ७आय७७ कार्डावर ते तसेच ठेवता येतात. नवे पल्स-डिरेक्शनचे (पल्स मोजून हलणारे) ड्राइव्ह घेणार असाल तर ७आय७६ई. पण या वाटेवर सर्व्हिस इंजिनिअर तुम्हीच, हे मनाशी ठरवून घ्या.

एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये फॅनुकचे मॅक्रो, म्हणजे इफ-गोटू (अट तपासून दुसऱ्या ओळीवर उडी) असेल, तर लिनक्ससीएनसी ते जसंच्या तसं घेत नाही. ते पुन्हा लिहावे लागतात.

मोटरचा हिशोब

जुन्या डीसी सर्व्होचे ब्रश आणि कम्युटेटर बघा, ड्राइव्हपासून तारा सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. तारा जोडलेल्या असताना मेगर लावलात तर ड्राइव्हही जाईल. मोटर बदलायची ठरली तर नुसते किलोवॅट बघू नका, टॉर्क बघा. ९५५० गुणिले किलोवॅट, भागिले आरपीएम. १.५ किलोवॅटची मोटर २००० आरपीएमला ७.१६ न्यूटन-मीटर देते, तीच ३००० आरपीएमची घेतली तर ४.७८. जुन्या मोटरच्या प्लेटवरचा टॉर्क वाचून त्याच्या खाली जाऊ नका.

स्क्रूचा पिच १० मिमी आणि मोटरच्या एका फेरीला १०,००० पल्स धरले, तर एक पल्स म्हणजे एक मायक्रॉन. मिनिटाला १२ मीटर रॅपिड (न कापता धावण्याचा वेग) हवा असेल तर सेकंदाला २ लाख पल्स लागतात. म्हणून जुन्या कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टवर व्हीएमसी चालवण्याच्या फंदात पडू नका. ते छोट्या राउटरला ठीक आहे.

कॅबिनेट

मेन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा आणि ड्राइव्हचा डीसी बस (आत साठून राहिलेलं व्होल्टेज) मोजूनच हात घाला. झेडची मोटर काढण्याआधी हेडखाली लाकडी ठोकळा द्या. ब्रेक मोटरमध्येच असतो, मोटर निघाली की हेड खाली येतं. काउंटरवेट असलं तरी ठोकळा द्याच.

जपानी मशीनला बहुधा २०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो फेकू नका. २२० व्होल्ट क्लासचे ड्राइव्ह त्याच्यावर चालतात. आपल्या ४१५ च्या सप्लायला ते थेट जोडले तर धूरच. जुन्या कॉन्टॅक्टरच्या कॉइल ११० व्होल्ट एसीच्या असतील आणि नवं कार्ड २४ व्होल्ट डीसी देत असेल, तर मध्ये रिले घ्या. कॉइल सुटतानाचा झटका शोषायला डीसी कॉइलवर डायोड, एसी कॉइलवर आरसी स्नबर लावा. पॉवरच्या आणि एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) तारा एकाच ट्रंकिंगमधून नेऊ नका, फेरूलवर नंबर घाला. इमर्जन्सी स्टॉप सेफ्टी रिलेतून जायला हवा आणि त्याने ड्राइव्हची ताकद खरोखर तुटायला हवी. कंट्रोलरचा एक इनपुट बंद होणं म्हणजे इमर्जन्सी नव्हे.

पहिली हालचाल

मोटर कपलिंगपासून सोडवलेली असतानाच फिरवा. अॅनालॉग सर्व्होत एन्कोडरची दिशा उलट जोडली गेली तर मोटर चूक सुधारायला जाते आणि ती वाढवतच राहते, थेट पूर्ण वेगात. फॉलोइंग एररची (सांगितलेली आणि खरी जागा यांतल्या फरकाची) मर्यादा सुरुवातीला १ मिमी ठेवा, एक माणूस इमर्जन्सीवर उभा करा. मोटर शहाण्यासारखी वागली की कपलिंग जोडा आणि ट्यूनिंग करा.

होमिंगला, म्हणजे मशीन आपली मूळ जागा शोधते तिथे, मी एकदा फसलो आहे. होम आधी स्विच शोधतं, मग एन्कोडरची इंडेक्स पल्स, जी एका फेरीत एकदाच येते. माझ्या जोडणीत ही पल्स नेमकी स्विच सुटण्याच्या जागी येत होती. आठवडाभर सगळं ठीक. एका थंड सकाळी एक्सचं होम बरोबर १० मिमी सरकलं, म्हणजे स्क्रूची एक अख्खी फेरी. तीन जॉब भंगारात गेल्यावर कारण कळलं. कपलिंग सैल करून मोटर अर्धी फेरी फिरवली, विषय संपला. तुम्ही हे आधीच तपासा: स्विच सुटल्यापासून पल्सपर्यंत साधारण अर्धा पिच अंतर हवं.

टूल चेंजर

ठरलेल्या वेळेतला निम्मा वेळ इथे जातो. पूर्ण एम०६ (टूल बदलायचा आदेश) एकदम लिहू नका. आधी एकेक हालचाल बटणावर घ्या: पॉट (टूलचा कप्पा) खाली, स्पिंडल ओरिएंट (ठरलेल्या कोनात थांबवणं), आर्म आत, अनक्लॅम्प, आर्म खाली. प्रत्येकीला 'झाली' सांगणारा स्विच आणि न झाल्यास थांबवणारा टायमर. नुसत्या वेळेवर भरवसा ठेवून पुढची पायरी सोडू नका; हवेचा दाब कमी असला की वेळेचं गणित चुकतं आणि आर्म स्पिंडलला धडकतो. बीटी-४० टूलच्या खाचा आर्मशी जुळायला ओरिएंट अचूक लागतं. त्यासाठी स्पिंडलशी १:१ जोडलेला एन्कोडर हवा. मोटरवरचा, मध्ये वेगळ्या रेशोचा बेल्ट असलेला, चालत नाही. सगळं जुळल्यावर दिवसभर रिकामी टूलं बदलत ठेवा.

कापून बघा

अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर १०० मिमीचं वर्तुळ एफ ५०० ने (मिनिटाला ५०० मिमी वेगाने) फिनिश करा. जिथे अक्ष दिशा बदलतो त्या चार जागांवर बोट फिरवा. पायरी लागली तर बॅकलॅशची भरपाई किंवा ट्यूनिंग अजून बाकी आहे. वर्तुळ अंडाकृती आलं तर दोन अक्षांचे गेन (ट्यूनिंगमधले चूक सुधारण्याच्या जोराचे आकडे) सारखे नाहीत. हे जमल्यावर त्याच तुकड्यावर चौकोन आणि त्यात तिरका चौकोन कापा. एनएएस ९७९ ही चाचणी याच आकारांची आहे.

मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देताना नवं ड्रॉइंग कॅबिनेटच्या दारात लावा आणि पॅरामीटरचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. पहिला आठवडा लांब जायचं काम काढू नका, फोन येणारच.