एका हाताने भाजी चिरायचा बोर्ड कसा बनवायचा (इंजिनिअर लोकांनी जरूर वाचा)

माझ्या आत्याला स्ट्रोक झाला, डावा हात आणि पाय गेला. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे डोक्यात लगेच मोटर, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर असलं सगळं सुरू झालं. तिला विचारलं तुला काय हवंय, तर म्हणाली, "अरे मला भाजी चिरायचीय. नुसती बसून असते, सून एकटी किती करणार?" मग मोटर वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि हा बोर्ड बनवला, तो कसा बनवायचा ते सांगतो.

आधी काहीच बनवू नका, अर्धा तास शेजारी बसून नुसतं बघा. आत्याने आयुष्यभर विळीवर चिरलंय, विळीला दोन हात लागतात आणि खाली बसावं लागतं, तिला आता दोन्ही जमत नाही. म्हणजे टेबल आलं, सुरी आली, आणि सुरीची तिला सवयच नाही, हे मला बसून बघितल्याशिवाय कळलंच नसतं. जयपूर फूट हा कृत्रिम पाय एवढा चालला तो याचमुळे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर तो बनवला तेव्हा आपली माणसं अनवाणी चालतात, उकिडवी बसतात, मांडी घालतात हे धरून बनवला, बाहेरून आलेले पाय बुटात घालायचे होते.

दुसरं म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं परत करायला शिकवणारे तज्ज्ञ) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, प्लीज. मुंबईत असाल तर हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत हा विभाग आहे, बाकी मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते, आणि तुम्ही सगळंच चांगल्या हाताने होईल असं करून दिलंत तर मेंदू दुसरा हात वापरायचंच सोडून देतो. आमच्या थेरपिस्ट म्हणाल्या की चिरताना डावा हात मांडीवर पडून नको, बोर्डच्या डाव्या कडेवर टेकलेला हवा, पात्यापासून लांब. त्या हाताला स्पर्श कळतो का हेही विचारा, कारण कळत नसेल तर कापलेलं आणि भाजलेलं माणसाला समजतच नाही. आणि मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक असेल तर काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही, आत्या ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवायची. म्हणून बोर्डच्या डाव्या कडेला लाल टेप लावली, लाल पट्टी दिसेपर्यंत नजर न्यायची असं तिला शिकवलं.

आता बोर्ड. मी पहिला आंब्याच्या लाकडाचा, २५ मिमी जाडीचा केला, दिसायला मस्त पण एवढा जड की एका हाताने उचलून धुताच येईना, ते लाकूड वाया गेलं. दुसरा पांढऱ्या एचडीपीईचा (एक कडक प्लास्टिक), १२ मिमी जाड, साधारण ३०० बाय २२० मिमी, तयार चॉपिंग बोर्ड घेतलात तरी चालेल. त्याला भाजी खोचून धरायला ३ मिमीचे तीन स्टेनलेस स्टीलचे खिळे, त्रिकोणात, एकमेकांपासून १५ मिमीवर, वर ३५ मिमी निघतील असे. साधे लोखंडी खिळे नकोत, गंजतात. खिळा खालून वर घाला आणि डोकं बसेल एवढा खड्डा करा, म्हणजे बटाटा ओढून काढताना खिळा वर येत नाही. खाली सरकू नये म्हणून मागून पातळ शीट लावायची, पण स्क्रूनेच, एचडीपीईला गोंद धरत नाही, मी दोन रविवार त्यात घालवलेत. चार कोपऱ्यांना रबराचे पाय, तेही स्क्रूने, बोर्ड सरकला तर सगळं फुकट. समोरच्या डाव्या कोपऱ्यात २० मिमी उंचीची एल आकाराची कड लावा, पोळीला तूप लावताना पोळी तिथे अडते. काम झालं की खिळ्यांवर भोकं पाडलेला लाकडी ठोकळा बसवायचाच, घरात लहान मुलं असतील तर विसरूच नका.

सुरी अर्धगोल पात्याची, वर मूठ असलेली घ्या, पुढेमागे डोलवली की कापते, खेचावी लागत नाही. पहिल्या दिवशी काकडी द्या, कांदा-बटाटा नंतर, आणि पहिला आठवडा कुणीतरी शेजारी बसा, पण हात मध्ये घालू नका. मेथी, गवार यावर होत नाही, ते आधीच सांगून टाका म्हणजे त्यांना वाटत नाही की आपल्यालाच जमत नाहीये.

पकड कमी असेल तर चमच्यासाठी एसीच्या कॉपर पाईपवरची काळी फोमची नळी कापून दांड्यावर चढवा, पाच मिनिटांचं काम आहे आणि जाड मूठ धरायला सोपी जाते. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) नको, साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं, कढत पाण्यात धुतलं की वाकडं.

आणि महिन्याभराने परत जाऊन बघा, न सांगता गेलात तर बरं. मी गेलो तेव्हा बोर्ड ओट्याखाली पडलेला. मला वाटलं आवडला नाही, विचारलं तर कळलं की वहिनी धुऊन तिथे ठेवायची आणि आत्याला वाकता येत नाही, मागायला संकोच वाटायचा. ओट्याशेजारी भिंतीला तिच्या खांद्याच्या उंचीवर उजव्या हाताला एक हूक मारला, बोर्डला भोक पाडलं, दुसऱ्या दिवशी तिने दुधी चिरला.