अरुंद स्वयंपाकघर मोठं वाटावं म्हणून खर्च करताय? आधी या चुका टाळा

जुन्या घरातल्या अरुंद स्वयंपाकघराला कंटाळलेला माणूस बहुतेक वेळा आधी काहीतरी विकत आणतो. भिंतीला लागून उभं राहणारं रॅक, चाकांची ट्रॉली, ओट्यावर ठेवायचा स्टँड. महिन्याभरात स्वयंपाकघर आधीपेक्षा जास्त अडचणीचं होतं आणि मग भिंत पाडायचा विषय निघतो. अशा खोलीत जागा कमी असतेच, पण जाच होतो तो भिंतीपासून पुढे आलेल्या वस्तूंचा. म्हणून सामान कुठे मावेल हे नंतर बघा. वाटेत काय आलंय आणि ते किती मागे नेता येईल, हे आधी बघा. यातल्या बऱ्याच कामांना फारसा खर्च येत नाही.

एकाच ठिकाणी टेप लावणं

समजा दोन भिंतींमध्ये १८० सेंमी अंतर आहे. एका बाजूचा ओटा ६० सेंमी खोल, म्हणजे उरले १२०. समोर ३५ सेंमीचं रॅक आलं की ८५. त्यावर हँडल, दाराला अडकवलेली पिशवी, टांगलेला नॅपकिन धरला तर प्रत्यक्षात ८० च्या आतच वाट राहते. एका माणसाला मोकळेपणी काम करायला ९० ते १०५ सेंमी लागतात. दोघांना एकमेकांना न अडता वावरायचं तर १२० च्या आसपास. म्हणजे ‘छोटंसं’ वाटणाऱ्या एका रॅकने दोन माणसांचं स्वयंपाकघर एका माणसाचं करून टाकलं.

जुन्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात आणि सरळ नसतात, ही दुसरी गोम. दारापाशी १८० भरलेलं अंतर खिडकीपाशी १७४ निघू शकतं, आणि भिंत वरच्या अंगाला पुढे झुकलेली असेल तर फरक आणखी वाढतो. लांबीत तीन-चार ठिकाणी, आणि त्या प्रत्येक ठिकाणी जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर असं मोजा. सगळ्यांत कमी आलेला आकडा खरा मानून सुताराला माप द्या. भिंत आणि कपाट यांत उरलेली फट नंतर पट्टीने झाकता येते. मोठं झालेलं कपाट मात्र तासून बसवावं लागतं.

ड्रॉवर बंद धरून मोजण्याची चूक तर जवळजवळ सगळेच करतात. पूर्ण उघडणारा ड्रॉवर ४५ ते ५० सेंमी बाहेर येतो. वाट ८० ची असेल तर त्याच्यासमोर उभं राहायला जागाच उरत नाही, बाजूला सरकून वाकावं लागतं. अशा ठिकाणी रुंद ड्रॉवरपेक्षा ३०–४० सेंमी रुंदीची दोन अरुंद दारं बरी. उघडली तरी ती कमी वाट अडवतात.

दोन्ही बाजूंना सारखेच खोल ओटे

अरुंद खोलीत दोन्हीकडे ६० सेंमीचे ओटे घालण्याचा हट्ट मला कधीच पटलेला नाही. सिंक आणि शेगडीच्या बाजूला तेवढा खोल ओटा हवाच. समोरच्या भिंतीला नको. तिथे २० ते ३० सेंमीच्या उथळ फळ्या, जमिनीपासून वरपर्यंत, एवढं पुरतं. एका रांगेत एकच डबा मावतो, त्यामुळे मागच्या रांगेत काय दडलंय ते शोधावं लागत नाही. खोल कपाटात मागे गेलेल्या निम्म्या वस्तू पुन्हा विकत घेतल्या जातात, हा अनुभव बहुतेकांचा असेल.

जुन्या घरांच्या भिंती जाड असतात आणि त्यांत कोनाडे असतात. मधल्या काळात कुणीतरी प्लायवूड मारून ते बंद केलेले दिसतात. भिंतीवर बोटांनी टकटक केलं की पोकळ आवाजावरून पत्ता लागतो. असा कोनाडा उघडला तर एक सेंमीही वाट न अडवता फळ्या मिळतात. नवा कोनाडा मात्र स्वतःच्या मनाने कोरू नका. भिंत भार पेलणारी असू शकते, आत नळ किंवा वायर असू शकते.

कमरेला लागणारी हँडलंही जाता जाता बघून घ्या. तीन-चार सेंमी पुढे आलेलं हँडल वाटेतून तेवढंच खातं. दाराच्या कडेला खाच काढली किंवा दाबून उघडणारी कळ बसवली तर काम भागतं.

पांढरा रंग दिला, तरी कोंदट का?

कारण रंग स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड परत फेकतो. पडायलाच काही नसेल तर पांढरी भिंत राखाडी दिसते. जुन्या स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एकच दिवा असतो. ओट्याकडे तोंड केलं की तो पाठीमागे येतो आणि हातावर, विळी-सुरीवर आपलीच सावली पडते.

थोडेच पैसे असतील तर ते इथे घाला. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावा, पण भिंतीलगत नको, कपाटाच्या पुढच्या कडेजवळ. भिंतीलगत लावली तर टाइल उजळते आणि हाताखालचा भाग अंधारातच राहतो. ओट्याचा दगड चकचकीत असेल तर उघड्या पट्टीचे ठिपके त्यात प्रतिबिंबित होऊन डोळ्यांना टोचतात, म्हणून दुधी झाकण असलेल्या अॅल्युमिनियम चॅनलमध्ये बसवा. उजेडाचा रंग सगळीकडे एकच ठेवा. तो केल्व्हिनमध्ये मोजतात: ४००० केल्व्हिनच्या आसपासचा उजेड कामाला चांगला, उबदार हवा असेल तर ३०००. छताला ६५०० चा निळसर आणि कपाटाखाली २७०० चा पिवळसर अशी सरमिसळ झाली की खोली तुकड्यांत दिसते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, छापलेला असतो. तो ९० किंवा वर असेल तर भाजी-फळांचे रंग खरे दिसतात. ८० चालतो, त्याखालचा घेऊ नका.

आता दिव्यांची एक चूक जी फार कमी लोक ओळखतात. दारात उभं राहिल्यावर नजर सरळ समोरच्या टोकाला जाते. ते टोक अंधारं असलं की लांबट खोलीचा बोगदा होतो, मग बाजूच्या भिंती कितीही उजळ असोत. तिथे खिडकी असेल तर तिच्या चौकटीतलं सगळं सामान काढा, काचेवरचा तेलकट थर पुसा, जाड पडदा उतरवा. खिडकी नसेल तर त्या भिंतीवर उजेड पाडणारा एक वेगळा दिवा लावा.

वायरिंग जुनं असेल तर दिवे वाढवण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. एलईडी पट्टी फार वीज खात नाही, पण त्याच लाइनवर मिक्सर, ओव्हन आणि फ्रिज असतात, आणि जुन्या जोडणीत अर्थिंग नसण्याची शक्यता असते. हे काम रंगाच्या आधी. उलट केलं तर ताजी भिंत पुन्हा फोडावी लागते.

ओलीवर रंग चढवणं

सिंकच्या मागे पोपडे आलेत, पांढरी भुकटी सुटतेय, आणि त्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला महाग रंग मारला. काही महिन्यांत फुगे आले. ही ओल आतून येत असते: गळका सांधा, सिंक आणि भिंत यांमधली उघडी फट, बाहेरच्या भिंतीला गेलेला तडा. भिंतीतलं पाणी बाहेर पडताना क्षार सोबत आणतं, तीच ती भुकटी. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर हवाबंद रंगाचा थर दिला तर ओल आत अडकते आणि रंग गिलाव्यासकट सुटतो. आधी गळती थांबवा, सैल गिलावा काढा, भिंत पुरती सुकू द्या. त्याला आठवडे लागतात, आणि हीच गोष्ट कुणालाच नको असते.

जुना तेलरंग घासताना सांभाळून. काही दशकांपूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. शंका असेल तर कोरडं घासू नका, तपासणी करून घ्या किंवा जाणकाराला बोलवा.

रंगाच्या छटेबद्दल एवढंच की शेड कार्डावर एलआरव्ही (छटा किती उजेड परत फेकते त्याचा आकडा) दिलेला असेल तर ७० च्या वरची छटा निवडा. शुद्ध पांढराच हवा असं नाही. हाय-ग्लॉस मात्र टाळा. उजेड जास्त परततो हे खरं, पण जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचवटा त्यात उठून दिसतो. पुसता येणारा, मंद चमकेचा सॅटिन बहुतेक ठिकाणी योग्य.

टाइल आणि जमीन

पांढऱ्या टाइलमध्ये काळपट सांधे असले की भिंतीवर जाळी दिसते. टाइल बदलायची गरज नसते. सांधे खरवडून टाइलच्याच रंगाचा ग्राउट भरला तर भिंत सलग दिसते. टाइलवर रंग द्यायचा असेल तर तो टाइलसाठीचाच एपॉक्सी घ्या, आधी तेलकटपणा सोड्याच्या पाण्याने पूर्ण काढा आणि पॉलिश पेपर फिरवा. रंग सोलला जातो तो बहुतेक वेळा या दोन कामांतल्या आळसामुळे. शेगडीच्या मागे आणि सतत पाणी साचणाऱ्या जागी हा उपाय टिकत नाही, तिथे टाइलच राहू द्या.

जमिनीवर व्हिनाइल टाकण्याआधी उंचवटे घासून आणि फटी भरून ती सपाट करा, नाहीतर खालची प्रत्येक फट काही दिवसांत वर उमटते. शेजारच्या खोलीसारखीच जमीन पुढे चालू ठेवता आली तर उत्तम. उंबऱ्यापाशी रंग बदलला की नजर तिथेच थांबते.

आरसे, उघड्या फळ्या आणि इतर हौस

आरसा जागा दुप्पट दाखवतो, तसाच पसाराही. समोर डब्यांची गर्दी असेल तर आरसा लावून गर्दीच वाढते. खिडकीच्या समोर किंवा काटकोनात, आणि शेगडीपासून लांब लावला तरच त्याचा फायदा.

वरची सगळी कपाटं काढून उघड्या फळ्या लावण्याची हौस मला अर्धीच मान्य आहे. डोळ्यांच्या उंचीवरचं एखादं कपाट, विशेषतः दारातून आत येताना तोंडावर येणारं, काढलं तर फार फरक पडतो. सगळी काढली की शेगडीची वाफ आणि धूळ मिळून प्रत्येक भांड्यावर चिकट थर बसतो. रोज वापरून धुतल्या जाणाऱ्या वस्तू उघड्यावर, बाकी दारांमागे.

छत उंच असेल तर फॉल्स सीलिंग घालून ते खाली आणू नका. दाराच्या वरच्या उंचीवर एक सलग फळी फिरवा आणि वर्षातून दोनदा लागणारं सामान तिथे जाऊ द्या.

भिंत पाडण्याआधी दार

आत उघडणारं दार ७५–८० सेंमी त्रिज्येचा पाव वर्तुळाचा तुकडा कायमचा अडवतं. त्याच्यामागची भिंत वाया जाते ती वेगळीच. बिजागऱ्या बदलून दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करा, किंवा बाहेरच्या भिंतीवर सरकतं दार बसवा. दार काढूनच टाकायचं असेल तर इमारतीत ते आगीपासून संरक्षणासाठी आवश्यक आहे का, हे विचारून घ्या. भिंत पाडणं शेवटचा पर्याय. जुन्या बांधकामात पातळ वाटणारी भिंतही वरचा मजला पेलत असू शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हातोडा उचलू नका, अंदाज सांगणारा गवंडी कितीही अनुभवी असला तरी.

सगळं करूनही अडचण वाटते तेव्हा

दारात उभं राहून फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. रंग गेले की जे गडद तुकडे नजरेला तोडतात ते लगेच दिसतात: उजळ भिंतीवरचं काळं कपाट, फ्रिजची बाजू, ओट्यावरचा वायरींचा गुंता. फ्रिज दाराशीच असेल तर तो पलीकडच्या टोकाला किंवा शेजारच्या खोलीत नेता येतो का बघा. सर्वात पुढे येणारी वस्तू तीच असते. हवा कोंदत असेल तर एक्झॉस्ट फॅनची पाती आणि जाळी साफ करा, आणि फॅन चालू असताना ताजी हवा कुठूनतरी आत येतेय याची खात्री करा. सगळं बंद असेल तर फॅन नुसता फिरतो.

आणि नवं कपाट सांगायचंच असेल तर त्याआधी रिकामी खोकी त्या मापात रचून, चिकटपट्टीने बांधून आठवडाभर जागेवर ठेवा. घरातले सगळे रोजचं काम करू देत. ज्या दिवशी कुणीतरी वैतागून खोकं बाजूला लाथाडेल, त्या दिवशी मापातून दहा सेंमी कमी करा.