डेप्थ फाइंडर खोली दाखवत नाही? आधी बोट थांबवून बघा

पावसाळ्याआधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, चिखलीकडच्या बोटी तपासाल तेव्हा पाण्याची खोली सांगणारं हे यंत्रही बघा. 2019 च्या महापुरात बोटी शेतांवरून न्याव्या लागल्या होत्या; गढूळ पाण्याखालचा बांध डोळ्यांना दिसत नाही.

पडदा चालू, पण आकडा नुसता लुकलुकतोय? लगेच नवा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडून परत टिपणारा भाग) मागवू नका. पुरुषभर संथ पाण्यात बोट उभी करा. उभ्या बोटीत आकडा बरोबर येतो आणि वेग घेतला की जातो, तर ट्रान्सड्यूसर बहुधा चांगला आहे. त्याच्या तोंडाखाली बुडबुडे येतात आणि हवेत ध्वनिलहरी अडतात. तो इंजिनच्या पंख्यापासून लांब, तोंड बोटीच्या तळाच्या किंचित खाली राहील असा बसवा.

उभ्यानेही आकडा नाही? ट्रान्सड्यूसरवरचं शेवाळ, गाळ मऊ कापडाने साबणपाण्याने पुसा. थिनर अजिबात नको, प्लास्टिक खराब होतं. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का, केबल चेपलीय का, बॅटरी उतरलीय का, हे बघा.

बदलायचाच झाला तर यंत्राशी जुळणाराच घ्या. फ्रिक्वेन्सी आणि कनेक्टर दोन्ही तपासा. केबल लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा आणि इंजिनच्या वायरींपासून दूर न्या. जुनी भोकं मरीन सीलंटने बुजवा.