गायनॅक ओपीडीत नवीन आहात? पिवळ्या किटबद्दल थोडं

गायनॅकची पोस्टिंग लागली की "अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं" ही तक्रार रोजचीच. पीआयडीचं (गर्भाशय आणि गर्भनलिकांच्या संसर्गाचं) प्रिस्क्रिप्शन, म्हणजे पिवळं किट, दोन दिवसांत पाठ होतं. खरी कसोटी त्याच्या आधी आणि नंतर.

आधी यूपीटी, म्हणजे लघवीवरची गरोदरपणाची चाचणी. पाळी वेळेवर आली असं पेशंट शपथेवर सांगत असली तरी करायचीच. एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) निसटली तर जिवावर बेततं. अपेंडिक्सही डोक्यात ठेवा. मग पीव्ही, म्हणजे योनीमार्गातून तपासणी. गर्भाशयमुख हलवल्यावर कळ येते, गर्भाशय दुखतं किंवा त्याच्या बाजूला दाबल्यावर दुखतं, यातलं एक जरी सापडलं आणि दुसरं कारण दिसत नसेल तर औषध सुरू. रिपोर्टसाठी थांबायचं नाही. स्वीडनमधल्या लुंडच्या अभ्यासात पीआयडीच्या एका झटक्यानंतर नलिका बंद होऊन वंध्यत्व सुमारे 8 टक्के, तिसऱ्यानंतर 40 टक्के होतं.

सरकारी पुरवठ्यातलं किट 6, म्हणजे पिवळं: सेफिक्झिम 400 मिग्रॅ एकदाच, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) 100 आणि मेट्रो (मेट्रोनिडाझोल) 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 14 दिवस. संबंधातून पसरणारे गोनोरिया, क्लॅमिडिया, आणि प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू म्हणजे अ‍ॅनारोब्ज, तिघांचाही बंदोबस्त. अमेरिकेच्या 2021च्या गाइडलाइनमध्ये सेफिक्झिमऐवजी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 500 मिग्रॅचं इंजेक्शन आहे. स्टॉकमध्ये असेल तर माझं मत इंजेक्शनच्या बाजूने, पण युनिटचं धोरण विचारून घ्या.

आता नंतरचं. तीन-चार दिवसांत दुखणं थांबतं, मेट्रोने तोंड कडू झालेलं असतं, की उरलेलं पाकीट फडताळात जातं. म्हणून पाकीट हातात धरून सांगायचं: "ताई, बरं वाटलं तरी संपवायच्या. ही डॉक्सीची गोळी जेवून, तांब्याभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही." डॉक्सी अन्ननलिकेत अडकली तर छातीत जळजळतं. रक्तवाढीची गोळी बरोबर घेतली तर डॉक्सी नीट शोषली जात नाही, वेळा वेगळ्या लिहून द्या. मेट्रो चालू असताना दारू नको, हेही न लाजता सांगा.

नवऱ्याचा विषय काढण्याआधी सासूबाईंना बाहेर बसवा. "त्यांना काहीच त्रास नाही" हे उत्तर ठरलेलं. त्रास नसला तरी त्यांना सरकारी पुरवठ्यातलंच जोडीदारासाठीचं करडं किट द्यायचंच, आणि दोघांचा कोर्स होईपर्यंत संबंध नकोत. एचआयव्ही, सिफिलिसची तपासणी त्याच दिवशी उरका.

तिसऱ्या दिवशी परत बोलवा. फरक नसेल, तोंडाने काही टिकत नसेल, ताप चढाच असेल, गाठ लागत असेल किंवा बाई गरोदर असेल तर भरती. कॉपर-टी दिसली म्हणून लगेच काढायची घाई नको; दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर सिनियर ठरवतील. आणि कोर्सवर कोर्स होऊनही दुखणं हटत नसेल, वजन उतरत असेल, तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी करा.