पियानोचा वन-टू-वन क्लास लावल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय काय होतं

पहिल्याच लेसनला एखादं गाणं वाजवायला मिळेल अशा आशेने जाऊ नका. पहिला अर्धा तास बहुतेक नुसता बसण्यातच जातो, म्हणजे स्टूल किती उंच हवं, पियानोपासून किती लांब बसायचं, कोपर पट्ट्यांच्या लेव्हलला येतंय का, खांदे वर चढलेत का. टीचर बोटं गोल ठेवायला सांगतील, नखं वाढलेली असतील तर कापायला सांगतील कारण नखं पट्टीवर टकटक वाजतात आणि बोटाचं टोक नीट टेकतच नाही. मग काळ्या पट्ट्यांचे दोनाचे आणि तीनाचे ग्रुप दाखवतील, दोनाच्या ग्रुपला लागून डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी हा सूर, आणि त्यातला साधारण मधला तो मिडल सी. बोटांनाही नंबर असतात, दोन्ही हातांचा अंगठा 1 आणि करंगळी 5. त्यामुळे दोन्ही हात एकाच दिशेने गेले की डाव्याचे नंबर उलटे जातात, इथे सगळेच गोंधळतात, टेन्शन घेऊ नका.

टीचर ठरवायच्या आधी एक ट्रायल लेसन घ्याच. भारी वाजवणारा माणूस भारी शिकवेलच असं काही नसतं. ट्रायलमध्ये मी फक्त दोन गोष्टी बघेन, तुम्हाला प्रत्यक्ष वाजवायला किती वेळ मिळाला आणि तुमचं चुकल्यावर ते नुसतं "चुकलं" म्हणाले की कुठलं बोट का अडकलं ते सांगितलं. लेसन चुकला तर भरून मिळतो का, आयत्या वेळी कॅन्सल केला तर फी जाते का, हे पहिल्याच दिवशी विचारून टाका, नंतर विचारायला ऑकवर्ड होतं.

घरी वाजवायला काहीतरी पाहिजेच, नाहीतर क्लासला अर्थ नाही. लगेच खरा पियानो घ्यायची गरज नाही (त्याला वर्षातून एकदा-दोनदा ट्यूनिंगही लागतं), 88 पट्ट्यांचा वेटेड (म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल पियानो मस्त चालतो, हेडफोन लावून रात्रीही वाजवता येतो. घरात 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पडलेला असेल तर सुरुवात त्यावरच करा, पण त्याच्या पट्ट्या साधारण हलक्या असतात, त्यामुळे बोटांना जोर लावायची सवय लागत नाही आणि क्लासमधल्या पियानोवर बसलात की सगळं जड जड वाटतं.

लहान मुलांचा लेसन साधारण 30 मिनिटांचा असतो, मोठ्यांचा 45 मिनिटं किंवा तासाभराचा. त्यात आधी मागच्या आठवड्याचं ऐकून घेतात, मग स्केल (सूर क्रमाने वर-खाली वाजवायचा सराव), मग नवीन काहीतरी. टीचर आठवड्यातून एकदाच भेटतात, ते काय बिघडतंय ते बघतात आणि पुढच्या आठवड्याचं काम देतात, हात बसतो तो घरीच. त्यामुळे काय दिलंय ते वहीत लिहून घ्या, चालत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. रोज 15-20 मिनिटं बसलात तरी पुरे, रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा ते कधीही बरं.

आता "घरी येत होतं हो, इथेच कसं काय चुकतंय!" हे वाक्य तुम्हीही म्हणणार, सगळे म्हणतात. आणि ते खोटं नसतं. पियानो वेगळा असतो, कोणीतरी बघत असतं, पण खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. घरी आपण तोच तुकडा दहादा वाजवतो, दहाव्यांदा नीट येतो, आणि आपल्या लक्षात फक्त तो दहावा राहतो. क्लासमध्ये मात्र पहिल्यांदा वाजवलेलंच ऐकलं जातं. यावर उपाय म्हणजे रोज बसल्या बसल्या, हात गरम व्हायच्या आधी, एकदा सगळं न थांबता वाजवायचं, चुकलं तरी मागे जायचं नाही. तुम्हाला खरोखर किती येतंय ते तेव्हा कळतं. मग जिथे अडलं तेवढेच दोन-चार बार (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधले छोटे तुकडे) घ्यायचे, आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही मिळून पण निम्म्या स्पीडने, मेट्रोनोम (एकसारखी टकटक करून ताल देणारं यंत्र) लावून. दर वेळी पहिल्यापासून सुरू करत राहिलात तर सुरुवात चकाचक होते आणि शेवट कायम कच्चा राहतो.

दोन्ही हात एकत्र आले की डावा हात उजव्याची नक्कल करायला लागतो, उजवा जोरात वाजला की डावाही जोरात. यात काही आठवडे जातात, त्याला शॉर्टकट नाही. सी मेजर स्केलमध्ये उजव्या हाताचा अंगठा तिसऱ्या बोटाखालून सरकवायचा असतो (1 2 3 1 2 3 4 5), तेव्हा कोपर हवेत उडतं, टीचर सारखं टोकतील, टोकू द्या.

नोटेशन वाचताना प्रत्येक नोटवर पेन्सिलीने ए बी सी लिहायचा मोह होतो. लिहू नका, कारण मग डोळे ती अक्षरंच वाचतात आणि रेघांकडे बघतच नाहीत. मिडल सी, त्याच्या वरचा जी आणि खालचा एफ एवढे पक्के करा, बाकीचे तिथून मोजता येतात, हळूहळू मोजायचीही गरज पडत नाही.

वाजवून हात थकला तर ठीक आहे, पण मनगट किंवा हात दुखला, मुंग्या आल्या तर तिथेच थांबा आणि टीचरना सांगा, दुखणं दाबून वाजवत राहणं हा मूर्खपणा आहे.

संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या एबीआरएसएम, ट्रिनिटी वगैरे संस्थांच्या ग्रेड परीक्षांचा विषय लवकरच निघेल. ग्रेड 1 ते 8 असतात, त्याआधी एक इनिशियल. द्या किंवा देऊ नका, काहीच बिघडत नाही, पण वर्षभर फक्त परीक्षेचेच तीन-चार पीस घोटून घेणारा टीचर असेल तर अधेमधे दुसरं सोपं काहीतरी वाजवायला मागा. आणि चार-सहा महिने मनापासून प्रॅक्टिस करूनही प्रत्येक लेसनला जायचा कंटाळाच येत असेल तर आधी टीचरशी बोला, नाहीच जमलं तर टीचर बदला, पियानो लगेच विकायला काढू नका.