कंपाइलच्या आधी कोड जनरेट करणे: पॅरलल बिल्डमध्येही टिकेल अशी मांडणी

‘बिल्डच्या आधी एक शेल स्क्रिप्ट चालवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. अशी स्क्रिप्ट काही बदललेले नसतानाही प्रत्येक वेळी चालते, फाइलींवर नवी वेळ पडते आणि अर्धा प्रोजेक्ट विनाकारण पुन्हा कंपाइल होतो. शिवाय जो थेट आयडीईतून बिल्ड करतो, त्याच्याकडे ती चालतच नाही. जनरेटर (कोड बनवणारी स्क्रिप्ट किंवा प्रोग्रॅम) चालवणे सोपे आहे. कोणती फाइल कशापासून बनते आणि तिच्यासाठी कोणी थांबायचे, हे बिल्ड सिस्टिमला नेमके सांगणे हे खरे काम.

उदाहरण सीमेक (बिल्डचे नियम तयार करणारे साधन) आणि निन्जा (ते नियम चालवणारे साधन) यांचे घेऊ. एरर्स.डेफ या यादीतून जेन_एरर्स.पीवाय ही स्क्रिप्ट एरर्स.एच आणि एरर्स.सी बनवते.

१. जागा. दोन्ही फाइली बिल्ड फोल्डरात काढा, सोर्समध्ये नाही. गिटइग्नोरने भागत नाही, कारण डीबग आणि रिलीज बिल्ड एकाच वेळी चालले की ते एकमेकांच्या फाइली पुसतात.

२. कमांड. एक्झिक्यूट_प्रोसेस फक्त कॉन्फिगर करताना चालते, त्यामुळे नंतर डेफ बदलली तरी तिला पत्ता नसतो. ॲड_कस्टम_टार्गेट उलट दर बिल्डला चालते. हवी ती ॲड_कस्टम_कमांड, आउटपुटसह. आउटपुटमध्ये दोन्ही फाइली लिहा. डिपेंड्समध्ये एरर्स.डेफ लिहाच, पण स्क्रिप्टसुद्धा लिहा. ती राहून जाते, मग कोणी तरी टेम्प्लेट बदलतो, निन्जा ‘काम नाही’ म्हणतो आणि जुनाच कोड बाहेर जातो. डेफमधून आणखी फाइली ओढल्या जात असतील तर डेपफाइल (वाचलेल्या फाइलींची जनरेटरने लिहिलेली यादी) वापरा. निन्जासाठी ती सीमेक ३.७ पासून चालते, मेकफाइलसाठी (म्हणजे निन्जाऐवजी मेक वापरताना) ३.२० पासून. व्हर्बेटिम (आर्ग्युमेंट जसेच्या तसे कमांडला देणारा पर्याय) नेहमी लावा.

३. हेडरसाठी थांबणे. बहुतेक बिल्ड इथे फुटतात.

मेन.सी मध्ये एरर्स.एच इन्क्लूड केली आहे, हे निन्जाला आधी माहीत नसते. कंपाइलर फाइल वाचताना हेडर नोंदवत जातो आणि ती नोंद पुढच्या बिल्डला उपयोगी पडते. स्वच्छ फोल्डरातल्या पहिल्या बिल्डला अशी नोंदच नसते. मग जनरेटर आणि मेन.सी चे कंपाइल एकदम सुटतात. थोड्या कोअरच्या मशीनवर नशिबाने निभावते, जास्त कोअरच्या सर्व्हरवर ‘फाइल सापडली नाही’ येते. पुन्हा चालवले की बिल्ड पास होतो, कारण तोपर्यंत हेडर तयार झालेली असते. ‘दुसऱ्यांदा चालवा, होईल’ असे टीममध्ये कोणी म्हणू लागले की डिपेंडन्सी सुटली आहे असे खुशाल समजा. याहून वाईट प्रकार जुन्या फोल्डरात होतो. नव्या सोर्स फाइलने ती हेडर पहिल्यांदाच घेतली आणि त्याच वेळी डेफही बदलली, तर जुनी हेडर घेऊन कंपाइल गुपचूप पास होऊ शकते. मग एरर कोडचे आकडे जुळत नाहीत आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.

उपाय असा. जनरेट झालेल्या दोन्ही फाइली एका छोट्या स्टॅटिक लायब्ररीच्या सोर्समध्ये टाका आणि तिचा इन्क्लूड पाथ पब्लिक ठेवा. बाकीच्या टार्गेटांनी (प्रोग्रॅम किंवा लायब्ररींनी) तिला टार्गेट_लिंक_लायब्ररीजने जोडायचे. पाथ आणि क्रम दोन्ही त्यातून मिळतात. लिंक नको, फक्त हेडर हवी असेल तर ॲड_डिपेंडन्सीज लिहावीच लागते. ही लायब्ररी कस्टम कमांडच्याच सीमेकलिस्ट्समध्ये (सीमेकच्या नियमांच्या फाइलीत) ठेवा, कारण त्या कमांडचा नियम दुसऱ्या फोल्डरातल्या टार्गेटांना लागू होत नाही.

तेच आउटपुट दोन स्वतंत्र टार्गेटांच्या सोर्समध्ये मात्र कधीही लिहू नका. सीमेकने निन्जाऐवजी मेकफाइल बनवल्या असतील तर स्क्रिप्टच्या दोन प्रती एकाच फाइलवर तुटून पडतात आणि कंपाइलरच्या हाती अर्धवट लिहिलेली फाइल येते. हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्येही हाच सापळा आहे. कोलनच्या डावीकडे दोन फाइली लिहिल्या की तो एक नियम होत नाही, दोन होतात. जीएनयू मेक ४.३ पासून ‘&:’ हे चिन्ह आहे, तेच वापरा.

४. स्क्रिप्टची शिस्त. आधी तात्पुरत्या फाइलीत लिहा, मजकूर खरोखर बदलला असेल तरच नाव बदलून जागेवर आणा. मजकूर तोच असेल तर निन्जा रीस्टॅटमुळे (कमांडनंतर आउटपुटची वेळ पुन्हा तपासण्यामुळे) पुढचे कंपाइल टाळतो. मेकला हे कळत नाही. आउटपुट जुनेच दिसल्यामुळे तो स्क्रिप्ट दरवेळी चालवतो, म्हणून तिथे वेगळी स्टँप फाइल (स्क्रिप्ट शेवटी कधी चालली याची फक्त वेळ धरणारी) ठेवा. तारीख आणि पूर्ण पाथ आउटपुटमध्ये छापू नका, आणि यादी क्रमाने लावूनच लिहा.

जनरेटर सी++ मध्ये असेल आणि क्रॉस कंपाइल (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड) करत असाल, तर तो बिल्ड करणाऱ्या मशीनसाठीच बनला पाहिजे. त्याचा वेगळा नेटिव्ह बिल्ड करून आत इम्पोर्ट करा.

५. तपासणी. फोल्डर पुसून भरपूर जॉब्ससह बिल्ड करा. लगेच दुसऱ्यांदा चालवल्यावर निन्जाने ‘काम नाही’ म्हटले पाहिजे. नाही म्हटले तर ‘-डी एक्सप्लेन’ लावा, कोणती फाइल जुनी ठरली ते कळते. मग स्क्रिप्टला टच करून जनरेटर चालतो का पाहा. निन्जा १.११ पासून ‘-टी मिसिंगडेप्स’ आहे. एक बिल्ड पूर्ण झाल्यावर ते चालवा, सुटलेल्या डिपेंडन्सी नावानिशी दाखवते. मेकमध्ये ४.४ पासून ‘--शफल’ क्रम उलटसुलट करतो आणि लपलेल्या चुका बाहेर काढतो. ही दोन्ही तपासणी सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) कायमची असावी.

इतर सिस्टिममध्ये जागा ठरलेल्या आहेत. जावाच्या मेव्हनमध्ये जनरेट-सोर्सेस ही फेज. ग्रेडलमध्ये नुसते डिपेंड्सऑन लिहू नका, टास्कच सोर्स डिरेक्टरी म्हणून द्या, नाहीतर सोर्स जार बनवणारा टास्क वाट पाहत नाही. रस्टच्या कार्गोमध्ये बिल्ड.आरएस, आउटपुट आउट_डिरमध्ये, सोबत रीरन-इफ-चेंज्ड. ते नसेल तर पॅकेजमधली कोणतीही फाइल बदलली की स्क्रिप्ट पुन्हा चालते. गो भाषेत गो बिल्ड मात्र गो जनरेट स्वतःहून कधीच चालवत नाही. तिथे जनरेट केलेला कोड कमिट करा, आणि सीआयमध्ये तो पुन्हा जनरेट करून फरक निघाला तर बिल्ड फेल करा.