मेल उघडला की पाठवणाऱ्याला कळतं, ते बंद कसं करायचं

तुम्ही मेल कधी उघडला, कितीदा उघडला हे पाठवणाऱ्याला कळू शकतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. होतं असं की मेलमध्ये १ बाय १ पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकलेलं असतं, डोळ्याला दिसतच नाही, आणि त्याची लिंक फक्त तुमच्यासाठी वेगळी बनवलेली असते. मेल उघडला की ते चित्र त्यांच्या सर्व्हरवरून येतं आणि तिथे वेळ, मोबाइल की कॉम्प्युटर, आयपीवरून (म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या नंबरवरून) अंदाजे कुठून, सगळ्याची नोंद होते. न विचारता केलेली ही पाळत आहे, मला तरी हे अजिबात पटत नाही.

मुख्य उपाय म्हणजे चित्रं आपोआप लोड होऊ द्यायची नाहीत.

जीमेल कॉम्प्युटरवर वापरत असाल तर सेटिंग्ज, सी ऑल सेटिंग्ज, जनरल, त्यात इमेजेस समोर 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा आणि खाली जाऊन सेव्ह चेंजेस नक्की दाबा, नाहीतर काहीच बदलत नाही. मोबाइल अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमध्ये आपलं अकाउंट उघडलं की हाच पर्याय सापडतो, अकाउंट दोन असतील तर दोन्हीकडे करा. २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमधून आणतं म्हणून तुमचा आयपी लपतो हे खरं, पण मेल उघडला हे तरीही कळतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

आयफोनवर मेल सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी प्रोटेक्शन, तिथे 'प्रोटेक्ट मेल अ‍ॅक्टिव्हिटी' चालू करा. हे २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत आलं. अ‍ॅपल चित्रं आपल्या सर्व्हरमार्फत आधीच आणून ठेवतं, मग तुम्ही मेल खरंच उघडला की नाही ते समोरच्याला ओळखता येत नाही. पण हे फक्त अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपपुरतं हां, त्याच फोनवर जीमेल अ‍ॅप असेल तर तिथलं सेटिंग वेगळं करावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये बाहेरची चित्रं मुळातच बंद असतात.

आता लिंकचं. चित्रं बंद केली तरी मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की कळतंच, कारण ती लिंक बरेचदा आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि मग खऱ्या पानावर. जमेल तिथे साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा. आणि मेल फॉरवर्ड करताना ते चित्र सोबत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्या मित्राने उघडला तरी नोंद तुमच्याच नावावर, तेव्हा हवा तेवढा मजकूर कॉपी करून साधा टेक्स्ट म्हणून पाठवलेला बरा.

तुम्ही स्वतः बऱ्याच जणांना मेल पाठवत असाल तर मेल पाठवायच्या तुमच्या सर्व्हिसमध्ये ओपन ट्रॅकिंग, म्हणजे मेल उघडल्याची नोंद, बंद करता येतं का बघा, क्लिक ट्रॅकिंगचंही तसंच. मेल पोचला का हे कळायलाच हवं असेल तर शेवटी एक ओळ लिहा, 'मिळाला की कळवा'.